बूट घ्यायच्या आधी गच्चीवर दोन फेऱ्या मारा

पावसात भिजलेले माझे बूट आईने बाल्कनीच्या कठड्यावर उलटे वाळत घातले होते, म्हणून मला त्यांचे सोल पहिल्यांदा नीट दिसले. डाव्याची टाच बाहेरच्या बाजूने पार गुळगुळीत आणि उजव्याच्या खाचा अजून शाबूत. दोन वर्षं हेच बूट घालून वेताळ टेकडीवर पळत होते आणि एकदाही उलटे करून बघितले नव्हते. पण पायाखालची वस्तू बघतं कोण.

त्याआधी सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगते म्हणजे हे सगळं का लिहितेय ते कळेल. टाच दुखायला लागली म्हणून एका दुकानात गेले, कुठलं ते जाऊ दे, तिथल्या मुलाने ओला पाय कागदावर ठेवायला लावला आणि ठसा बघून सांगून टाकलं की मॅडम तुमची कमान सपाट आहे, तुम्हाला सपोर्टवालेच बूट लागतील. आठ हजार गेले. तीन आठवड्यांनी गुडघा बाहेरच्या बाजूने दुखायला लागला. आता हे बुटांमुळे झालं का, तर मला आजही छातीठोक सांगता येत नाही, कारण त्याच महिन्यात मी अंतर पण वाढवलं होतं, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. मी मेकॅनिकल इंजिनीअर, ऑफिसात ज्युनिअर लोकांना हेच ओरडून सांगते की एका वेळी एकच पॅरामीटर हलवा, आणि स्वतःच्या पायांच्या बाबतीत अगदी उलट केलं.

मग वाचायला लागले, स्वतःची चाल मोजायला लागले, आणि आईची पण, कारण तिचा उजवा गुडघा चार वर्षं दुखतोय. खाली लिहिलंय ते घरच्या घरी होतं, खर्च जवळजवळ शून्य. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, त्यामुळे याने रोग कळणार नाही, फक्त तुमची चाल आज कशी आहे आणि काही बदललं की ती कशी होते एवढं कळेल, आणि एवढं कळलं तरी दुकानात कोणी सहज गंडवत नाही.

आधी जुनं पायताण बघा

दोन्ही बूट टेबलावर शेजारी ठेवा आणि डोळे टेबलाच्या लेव्हलला आणून मागून बघा. टाचेमागची कडक वाटी सरळ उभी आहे का आत-बाहेर कललीय. मग सोल. टाच बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात झिजलेली असेल तर घाबरू नका, चालताना बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते, ती झीज नॉर्मल आहे, आणि दुकानात नेमकी तीच दाखवून घाबरवतात. बघायचं असतं ते डाव्या-उजव्यातला फरक. दोन्ही सारखे झिजलेत तर विषय संपला, एकच जास्त झिजला असेल तर लिहून ठेवा, पुढे व्हिडिओत त्याचं कारण दिसतं का बघू.

जुनी कोल्हापुरी असेल तर अजून बरं. कातड्यावर वर्षभराने पायाचा नकाशाच उमटतो, टाचेचा काळपट गोल, चवड्याची पट्टी, पाच बोटांचे खळगे. माझ्या डाव्या चपलेत अंगठ्याचा खळगा खोल आहे आणि उजव्यात करंगळीकडचा. असा ठसा कागदावरच्या ओल्या पायापेक्षा जास्त बोलतो, कारण तो चालताना पडलेला असतो, उभं राहून नाही.

ओल्या पायाचा विषय निघालाच आहे तर सांगते. शहाबादी फरशीवर ओला पाय ठेवून कमान बघण्याचा खेळ आपण लहानपणी सगळ्यांनी केलाय आणि तो खेळ म्हणून छानच आहे. पण त्यावरून बूट निवडावेत का, हे अमेरिकेच्या सैन्याने खरंच तपासून बघितलं. भरती झालेल्या हजारो जवानांपैकी काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. लष्कर, हवाई दल, मरीन्स, तिन्हीकडे करून बघितलं आणि २००९-१० च्या सुमाराला निकाल छापले, दुखापतीत म्हणण्यासारखा फरक नाही. हे मला आठ हजार घालवल्यावर कळलं.

गच्चीवरची लॅब

चाल मोजायचा नाद जुना आहे. १८३६ मध्ये जर्मनीत वेबर बंधूंनी चालण्याच्या यंत्रणेवर अख्खं पुस्तक काढलं, मग १८९० च्या दशकात ब्राउने आणि फिशर या जोडीने माणसाच्या हातापायांना चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून अंधारात फोटो काढले आणि त्या थोड्याशा पावलांचं गणित हाताने केलं. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये स्लो मोशन आहे, सेकंदाला २४० फ्रेम. त्याचा उपयोग आपण वाढदिवसाला केक कापताना करतो.

लागणारं सामान म्हणजे फोन, उलटी ठेवलेली बादली, आणि टिकल्या. मोठ्या गोल काळ्या टिकल्या, तुळशीबागेत पाकीट मिळतं. लॅबमध्ये चमकणारे छोटे गोळे लावतात, आपण टिकल्या लावायच्या, एक घोट्याच्या बाहेरच्या हाडावर, एक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक खुब्यावर जिथे हाड हाताला लागतं तिथे. कपड्यावर लावू नका, कपडा सरकतो, पॅंट वर दुमडा नाहीतर हाफ पॅंट घाला. तशी कातडीपण हाडावरून थोडी सरकतेच, महागड्या लॅबमध्येसुद्धा ही चूक राहते, म्हणून कोनांच्या बाबतीत एक-दोन अंशांवर भांडायचं नाही.

फोन बादलीवर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, चालायच्या रेषेला अगदी काटकोनात, तीन-चार मीटर लांब. फोन हातात धरून माणसामागे फिरवू नका, मग सगळे कोन खोटे येतात. माणूस फ्रेमच्या बरंच आधीपासून चालत आला पाहिजे आणि बाहेर गेल्यावरच थांबला पाहिजे, नाहीतर सुरुवातीची आणि थांबतानाची पावलं मोजली जातात आणि ती वेगळी असतात.

आता खरी अडचण. कॅमेरा दिसला की माणूस चालत नाही, मिरवतो. आईने पहिल्या तीन फेऱ्या अशा मारल्या की जणू पाहुणे बघायला आलेत, पाठ ताठ, पावलं मोजून. "अगं आई, रोजच्यासारखी चाल ना." "रोजच्यासारखीच चालतेय मी." शेवटी मी म्हटलं राहू दे, पाऊस येईल, दोरीवरचे कपडे तेवढे काढून आण, आणि कॅमेरा बंद न करता बाजूला झाले. ती गेली, आणि जाताना तिची खरी चाल आली, उजवा पाय टेकला की लगेच उचलणारी. मी चार वर्षं तिच्याबरोबर मंडईत चालतेय आणि मला ते दिसलं नव्हतं.

फ्रेम मोजायच्या कशा

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेता येईल अशा कुठल्याही प्लेयरमध्ये उघडा. एक सावधगिरी, काही फोन स्लो मोशनची सुरुवात आणि शेवट नॉर्मल स्पीडने दाखवतात आणि फक्त मधला भाग हळू, म्हणून मूळ फाइलवरच मोजा, व्हॉट्सॲपवरून आलेल्या कॉपीवर नको.

उजवी टाच जमिनीला टेकली ती फ्रेम लिहा. त्याच पायाचा अंगठा जमिनीवरून उचलला ती फ्रेम लिहा. परत उजवी टाच टेकली ती लिहा. झालं एक पूर्ण आवर्तन. मग डाव्याचं असंच, डाव्याच्या दोन टेकण्यांमधलं.

आईचे आकडे उदाहरण म्हणून देते. टाच टेकल्यापासून परत टाच टेकेपर्यंत २८० फ्रेम, म्हणजे २८० भागिले २४०, साधारण १.१७ सेकंद. एवढ्यात दोन पावलं होतात, म्हणून मिनिटाला सुमारे १०३ पावलं. उजवा पाय त्यातल्या १६८ फ्रेम जमिनीवर, म्हणजे ६० टक्के. डावा १८२ फ्रेम, म्हणजे ६५ टक्के. आता नॉर्मल चालीत पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो, त्यामुळे कोणी म्हणेल उजवा तर अगदी पुस्तकातला आहे, गडबड डाव्यात आहे. असं नाहीये. दोन्ही एकत्र बघायचे. दोन्हींची बेरीज १२५, त्यातून १०० वजा केले की २५, म्हणजे २५ टक्के वेळ दोन्ही पाय एकदम जमिनीवर. आरामात चालणाऱ्या माणसात हे २० च्या आसपास असतं, वेग कमी झाला किंवा पडायची भीती असली की वाढतं. आईची चाल सावध आहे, आणि त्या सावध चालीतसुद्धा दुखऱ्या पायावरचा वेळ ती कमी ठेवतेय आणि उरलेला डाव्यावर टाकतेय. तिच्या डाव्या चपलेची टाच आधी का झिजते याचं उत्तर बहुधा हेच. (माझ्या स्वतःच्या डाव्या बुटाचं कोडं वेगळं निघालं, रस्त्याच्या उताराला नेहमी एकाच बाजूने पळत होते असा माझा संशय आहे, सिद्ध काही नाही.)

यात चूक किती धरायची? टाच नेमकी कुठल्या फ्रेमला टेकली यात तीन फ्रेम इकडेतिकडे सहज होतात, २८० मध्ये तीन म्हणजे साधारण एक टक्का. म्हणून डाव्या-उजव्यात एक-दोन टक्क्यांचा फरक आला तर चहा प्या आणि विसरा. पाच टक्के फरक पाच आवर्तनांच्या सरासरीत पण टिकला तर तो खरा धरायचा. एका आवर्तनावर काहीही ठरवू नका, प्लीज.

मग मागून एक व्हिडिओ घ्या. कमरेला ओढणी घट्ट आडवी बांधा आणि एका पायावर भार असताना ओढणी दुसऱ्या बाजूला खाली झुकते का बघा. झुकत असेल तर ज्या पायावर उभे आहात त्या खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असू शकतात. अख्खं धड दुखऱ्या पायाच्या बाजूला कलत असेल तर ती शरीराची युक्ती आहे, वजन सांध्याच्या वर आणलं की त्या स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि सांधा कमी दाबला जातो.

इथे एक गोष्ट कळली की बाकी सगळं सोपं होतं. गुडघ्यावर फक्त आपलं वजन येत नाही. ६० किलोचा माणूस सपाट रस्त्यावर साधा चालला तरी गुडघ्याच्या आत वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, १२० ते १८० किलो, कारण सांधा जागेवर धरायला सगळीकडून स्नायू खेचतात आणि ते खेचणं सांध्याला दाबतं. हे अंदाजपंचे नाहीये, बर्लिनमध्ये सेन्सर बसवलेले कृत्रिम सांधे खऱ्या पेशंटना बसवून चालताना आतला भार मोजलाय. याचीच दुसरी बाजू अमेरिकेतल्या मेसियर आणि मंडळींनी २००५ मध्ये दाखवली, गुडघ्याच्या संधिवातात वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी. आईला हा आकडा सांगितला तर म्हणाली म्हणजे तू मला जाडी म्हणतेयस.

पळणाऱ्यांसाठी, थोडक्यात

बाजूने तोच व्हिडिओ, फक्त फोन जरा लांब. पाऊल टेकतं त्या फ्रेमला थांबवा आणि नडगी बघा, घोटा गुडघ्याच्या बराच पुढे टेकतोय का. तसं असेल तर पावलं लांब पडतायत, प्रत्येक पावलाला जरा ब्रेक लागतोय. यावर सगळ्यात स्वस्त उपाय बूट नाही, पावलांचा ठेका. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हायडरशाइट यांनी २०११ मध्ये दाखवलं की वेग तोच ठेवून मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. मी १५८ वर पळत होते, ५ टक्के वाढवून १६६ केलं, फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या ठेक्याने टकटक करणारं ॲप, लावून, आणि पहिले चार दिवस लग्नातल्या ताशासारखं वाटत होतं.

सगळीकडे १८० चा मंत्र ऐकाल. तो आला कुठून तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या कोचने धावपटूंची पावलं मोजली तिथून. ते ऑलिंपिकच्या रेसमध्ये पळत होते हो, तुम्ही कमिन्स कॉलेजच्या रस्त्याला खड्डे चुकवत पळताय. स्वतःच्या आकड्याच्या पाच टक्के पुढे, बास.

टाचेवर टेकायचं का चवड्यावर, या वादात पडू नका. हार्वर्डच्या लिबरमन यांनी २०१० मध्ये अनवाणी पळणाऱ्या केनियन लोकांवरचा अभ्यास छापला, त्यात चवड्यावर टेकणाऱ्यांना तो सुरुवातीचा धक्का जवळजवळ बसत नाही असं दिसलं, आणि मग जगभर लोक पातळ सोलचे बूट घालून पळायला लागले. पण भार गायब होत नाही, जागा बदलतो. टाचेवर टेकलं तर गुडघा जास्त सोसतो, चवड्यावर टेकलं तर पोटरी आणि टाचेमागची शीर. तुमचं कुठलं दुखतंय त्यावर ठरवा, आणि बदलायचंच असेल तर महिने द्या, आठवडे नाही.

आता दुकान

आईसाठी चप्पल शोधताना मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते दोन अभ्यासांनी, म्हणून ते नीट सांगते. २०१० मध्ये शिकागोच्या शकूर आणि त्यांच्या टीमने गुडघ्याच्या संधिवाताच्या लोकांना वेगवेगळं पायताण घालून चालवलं, तर साध्या सपाट लवचिक चपला आणि पातळ बुटात गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार कमी निघाला आणि भक्कम आधाराच्या स्टॅबिलिटी शूजमध्ये जास्त. झालं, मी म्हटलं, स्लिपरच बरी. मग मेलबर्नचा २०२१ चा अभ्यास हाती लागला, १६४ लोक, सहा महिने, निम्म्यांना सपाट लवचिक बूट आणि निम्म्यांना भक्कम आधाराचे. चालताना दुखणं कमी झालं असं भक्कमवाल्यांपैकी ५८ टक्के लोक म्हणाले, सपाटवाल्यांपैकी ४०. म्हणजे लॅबमध्ये भार कमी दाखवणारं पायताण घालून लोकांचं दुखणं जास्त कमी झालं असं नाही, उलटच झालं. मला हे वाचून दोन दिवस राग आला, मग कळलं की भार मोजणं आणि दुखणं मोजणं हे दोन वेगळे काटे आहेत आणि आपल्याला दोन्ही वाचावे लागणार.

तर मग निवडायचं कसं. कॅलगरीच्या बेनो निग यांनी चाळीसेक वर्षं हेच काम करून शेवटी जे सुचवलं ते ऐकायला फारच साधं वाटतं, की पायाला जे सुखाचं वाटतं ते घ्या, शरीर आपल्या सवयीची वाट सोडायला नकार देतं आणि सुखाचं पायताण त्याला त्या वाटेवर राहू देतं. फक्त सुखाचं आहे हे दुकानात दोन मिनिटांत कळत नाही, तिथेच लोक फसतात.

संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. रोज घालता ते मोजे न्या. दोन्ही पायांत घाला, दोन पाय सारखे नसतात आणि मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा. ब्रिटिश नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, त्यामुळे "एक नंबर मोठा घ्या मॅडम" हा लहान सल्ला नाही. आणि रुंदी बघा, लांबी सगळेच बघतात. चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, देशभर लोकांच्या पायांची मापं घेतली तेव्हा आपले पाय पाश्चात्त्य साच्यांपेक्षा रुंद निघाले, तुम्ही करंगळी दाबली जाते म्हणून नंबर वाढवता आणि मग टाच सुटते, त्याचं कारण हे.

बूट हातात घेऊन वाकवा, तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे तुमची बोटं वाकतात. मधोमध वाकत असेल तर ठेवा परत. टाचेची वाटी अंगठ्याने दाबा, पापडासारखी आत गेली तर आईच्या वयाला नको. मग दुकानात दहा मिनिटं चाला. सेल्समन बघतो, बघू दे. लक्ष्मी रोडवर एका ठिकाणी मी आईला जिन्यावरून दोनदा वर-खाली नेलं, मालक म्हणाले काकू घेणार आहात ना नक्की, आई म्हणाली आधी गुडघ्याला विचारते.

स्लिपरबद्दल एवढंच, अंगठ्यात पकडायची सपाट स्लिपर घातली की पावलं आखूड पडतात आणि बोटं तिला धरून ठेवायला सारखी आवळतात. घरात ठीक, सारसबागेच्या फेऱ्यांना नको, मागून पट्टा असलेली सॅंडल बरी. कोल्हापुरीबद्दल मला विचारू नका, मी तटस्थ नाही, पण रोज चार किलोमीटर चालायला नवी करकरीत कोल्हापुरी मीसुद्धा घालत नाही.

शुगर असलेल्यांचं गणित पूर्ण वेगळं. पायाची संवेदना कमी झाली असेल तर सुखाचं वाटतं हा नियमच लागू नाही, कारण टोचलेलं कळतच नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रॅंड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना हे ओळखलं, आणि मऊ एमसीआर (बारीक बुडबुड्यांच्या, मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला त्याच कामातून आल्या. आजही त्या एमसीआर नावानेच मागा, मिळतात. घालण्याआधी रोज बुटात हात फिरवा, खडा नाही ना बघा, आणि नवरात्रात अनवाणी चतुःशृंगीला जायचा नेम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एका वेळी एकच

नवीन बूट आणले की त्या आठवड्यात अंतर वाढवू नका, नवा व्यायाम सुरू करू नका, ठेका बदलू नका. दोन आठवडे फक्त बूट. वहीत रोज एक ओळ, किती चाललो आणि दुखणं दहापैकी किती. दोन आठवड्यांनी परत गच्ची, परत टिकल्या, त्याच जागेवर बादली. इनसोलवर पेनाने तारीख लिहा, कारण फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो आणि वरून काही दिसत नाही. रोज तीन किलोमीटर, वर्षात ३०० दिवस धरले तर ९०० होतात, म्हणजे चालणाऱ्याचा एक जोड वर्षभर पण पुरत नाही. वरचं कापड चकाचक आहे म्हणून आपण तो तीन वर्षं ओढतो.

पळणाऱ्यांनी दोन वेगळे जोड आलटून पालटून वापरले तर बरं असं लक्झेंबर्गच्या एका अभ्यासात दिसलं, २६४ धावपटू, २२ आठवडे, एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी. पण तिथे लोकांनी आपणहून जोड वापरले होते, चिठ्ठ्या टाकून वाटले नव्हते, त्यामुळे दुसरा जोड घ्यायला हे कारण मी नवऱ्याला सांगते, स्वतःला नाही.

पर्वतीवर जाणाऱ्यांनी १०३ पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी करा, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणत ताणत ब्रेक लावतो आणि गुडघ्याची वाटी दाबली जाते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घेत असाल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आमच्या बिल्डिंगमधले तीन आजोबा उलटी धरतात आणि ऐकत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे माझी या सगळ्या संशोधनाबद्दल. बहुतेक मोजमाप चालण्या-पळण्याचं आणि खुर्चीतून उठण्याचं. चालताना गुडघा जास्तीत जास्त ६० अंशांच्या आसपास वाकतो. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, देवघरासमोरून उठतो, तिथे गुडघा त्याच्या दुपटीहून जास्त वाकतो. १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट केला तो नेमका याचसाठी, परदेशी कृत्रिम पायाने अनवाणी चालता येत नव्हतं आणि जमिनीवर बसता येत नव्हतं. म्हणून गच्चीवरच्या व्हिडिओत एक क्लिप जमिनीवरून उठण्याची पण घ्या, हात कुठे टेकतो, कुठल्या पायावर आधी भार जातो. आईच्या बाबतीत चालण्यापेक्षा जास्त माहिती त्या एका क्लिपमध्ये होती, आणि फिजिओला तीच दाखवल्यावर त्या बाईंनी पाचव्या सेकंदाला व्हिडिओ थांबवून व्यायाम बदलले.

गुडघा सुजून गरम झाला, रात्री झोपेतून दुखण्याने जाग आली, पाय मध्येच लटकन दुमडला, मुंग्या येऊन बधिर झाला, किंवा पडल्यानंतर भारच टाकता येत नाही, यातलं काही असेल तर बादली-टिकल्या ठेवा बाजूला आणि डॉक्टर गाठा.

आईचा दुसरा व्हिडिओ तीन महिन्यांनी घेतला. उजवा ६१, डावा ६३, मिनिटाला १०८ पावलं. चप्पल तीच होती, फक्त व्यायाम बदलले होते, म्हणून कशामुळे ते या वेळी सांगता येतं. कपडे काढायला पाठवायची गरज पडली नाही. टिकल्यांचं पाकीट मात्र संपलंय.